पडद्यावर वाजले, तबकडीवर आले नाही

चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम म्हणून जी वस्तू भारतीय श्रोत्याच्या परिचयाची आहे, तिच्यापेक्षा अमेरिकी किशोरपटाचा, म्हणजे शाळकरी मुलामुलींच्या कथा त्याच वयाच्या प्रेक्षकांसाठी सांगणाऱ्या चित्रपटाचा, अल्बम मुळातच वेगळ्या रीतीने जन्माला येतो. आपल्याकडे निर्माता संगीतकार नेमतो, गीतकार प्रसंग ऐकून शब्द लिहितो, चाली बांधल्या जातात आणि बहुधा चित्रपटाच्या आधीच गाणी बाजारात येतात. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तरी चारही गाणी परशा-आर्चीच्या कथेसाठीच रचलेली होती आणि ती चारही अल्बममध्ये आली. अमेरिकी किशोरपटातील बहुतेक गाणी मात्र दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी आधी केलेली असतात. ती भाड्याने आणली जातात, पात्रांच्या रेडिओवर, गाडीत किंवा शाळेच्या नृत्यसमारंभात वाजवली जातात आणि नंतर त्यांतील काही एकत्र करून 'चित्रपटातील संगीत' या नावाने विकली जातात. या 'काही'मध्येच या प्रकाराचा सगळा इतिहास सामावलेला आहे, कारण कोणते गाणे अल्बममध्ये आले आणि कोणते आले नाही हे ठरवताना दिग्दर्शकाच्या आवडीइतकाच, आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक, वकिलांच्या कागदांचा वाटा राहिला आहे.

ही व्यवस्था समजण्यासाठी एका ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन स्वतंत्र मालक्या असतात हे आधी ध्यानात घ्यावे लागते. शब्द आणि चाल ही रचना गीतकार-संगीतकाराची, आणि तिचा व्यवहार संगीत प्रकाशक पाहतो. ती रचना ज्या विशिष्ट आवाजात, ज्या विशिष्ट दिवशी ध्वनिमुद्रित झाली ते मूळ मुद्रण, म्हणजे मास्टर, बहुतांशी रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचे असते. चित्रपटात गाणे वापरायचे तर प्रकाशकाकडून दृश्याशी रचना जोडण्याचा परवाना, ज्याला व्यवसायात सिंक लायसन्स म्हणतात, आणि रेकॉर्ड कंपनीकडून मास्टर वापरण्याचा परवाना, असे दोन्ही घ्यावे लागतात. आणि तेच गाणे अल्बममध्ये घालायचे असेल तर त्यासाठी तिसरी बोलणी करावी लागतात, कारण पडद्यावर वाजवण्याची परवानगी म्हणजे विकण्याची परवानगी नव्हे. त्यातच अनेक करारांत असे एक कलम असते की एका गाण्याला जो दर दिला जाईल त्याहून कमी दर आपल्या गाण्याला चालणार नाही. परिणामी एकाच हट्टी मालकाने भाव वाढवला की सगळ्यांचाच भाव वाढतो. ही बोलणी करणारा, आणि दिग्दर्शकाला गाणी सुचवणारा, जो माणूस असतो त्याला म्युझिक सुपरवायझर म्हणतात.

चित्रपट आणि तबकडी यांची सांगड घातल्यास दोन्हीकडून पैसा येतो हे हॉलिवूडला लवकर उमगले होते. एमजीएमने १९४६ मध्येच स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. युनायटेड आर्टिस्ट्सने १९५७ मध्ये आणि वॉर्नर ब्रदर्सने १९५८ मध्ये तिचे अनुकरण केले. तरीही किशोरवयीन प्रेक्षकाची खरी ताकद ज्या चित्रपटाने दाखवली, त्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'चा (१९५५) लाभ भलत्याच कंपनीला झाला. रिचर्ड ब्रूक्स यांच्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' वाजते. एप्रिल १९५४ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेले हे गाणे डेक्काने एका तबकडीच्या मागच्या बाजूला घातले होते आणि पहिल्या वर्षी त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. चित्रपटानंतर, १९५५ च्या उन्हाळ्यात, ते आठ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. चित्रपट एमजीएमचा आणि तबकडी डेक्काची, अशी ही वाटणी होती. चित्रपट गाण्याची जाहिरात करतो, परंतु गाण्याचा मालक आपण नसू तर ती जाहिरात फुकट जाते, हा धडा त्यातून मिळाला आणि पुढची तीस वर्षे तोच गिरवला गेला.

आधी प्रसिद्ध झालेली गाणी घेऊन चित्रपटाचा अल्बम विकता येतो हे कोलंबिया कंपनीने १९६८ मध्ये 'द ग्रॅज्युएट'च्या सायमन आणि गारफंकल यांच्या अल्बमने सिद्ध केले. तोही पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतरच्या 'ईझी रायडर'ने (१९६९) या पद्धतीची दुसरी बाजू उघडी केली. त्या चित्रपटात द बँड या गटाचे 'द वेट' हे गाणे वाजते, पण गट कॅपिटॉल कंपनीचा आणि अल्बम डनहिलचा असल्याने विक्रीची परवानगी मिळाली नाही. अल्बमसाठी तेच गाणे स्मिथ नावाच्या दुसऱ्या गटाकडून नव्याने गाऊन घेतले गेले. चित्रपटगृहातून बाहेर पडून तबकडी विकत घेणाऱ्याच्या पदरी पडद्यावर ऐकलेला आवाज पडला नाही. किशोरपटांच्या अल्बमांमधील रिकाम्या जागांची ही परंपरा इथून सुरू होते असे म्हणता येईल, जरी 'ईझी रायडर'मधील मोटारसायकलस्वार किशोर नसले तरी.

जॉर्ज लुकास यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३) हा या परंपरेतील पहिला संपूर्ण विचार करून केलेला प्रयोग होय. १९६२ च्या उन्हाळ्याच्या अखेरच्या एका रात्रीत, कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या गावी गाड्या फिरवत हिंडणाऱ्या मुलांची ही कथा लिहितानाच लुकास यांनी कोणत्या प्रसंगाला कोणते गाणे हे ठरवून टाकले होते, आणि वुल्फमन जॅक या निवेदकाच्या रेडिओ कार्यक्रमातून ती सगळी गाणी एकामागून एक येतात अशी रचना केली होती. साडेसात-पावणेआठ लाख डॉलरच्या या चित्रपटात चाळीसहून अधिक गाण्यांचे हक्क घ्यायचे म्हणजे प्रत्येक प्रकाशकाला सारखीच, आणि बेताची, रक्कम मान्य करायला लावणे भाग होते. बहुतेकांनी ती मान्य केली, एल्विस प्रेसलीची गाणी ज्या आरसीए कंपनीकडे होती तिने केली नाही. त्यामुळे १९६२ च्या अमेरिकी तरुणाईचे जे चित्र सर्वाधिक विश्वासार्ह मानले जाते, त्यात त्या तरुणाईचा सर्वांत मोठा गायक कुठेच ऐकू येत नाही. उलट बीच बॉइजचे १९६४ मधील एक गाणे शेवटच्या श्रेयनामावलीवर येऊन बसले आहे, आणि त्याबद्दल कोणाची फारशी तक्रार नसते.

एल्विसच्या अनुपस्थितीपेक्षाही महत्त्वाचा फरक ध्वनीचा आहे. ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च आणि लुकास यांनी ही गाणी थेट चित्रपटाला जोडली नाहीत. मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकावर ती वाजवून, ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन हलते ठेवून, त्यांचे पुन्हा मुद्रण केले, जेणेकरून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून, शेजारच्या उपाहारगृहातून किंवा शाळेच्या व्यायामशाळेतून येणारे गाणे जसे विरत आणि घुमत कानी पडते, तसेच ते प्रेक्षकाला ऐकू यावे. मर्च यांनी या तंत्राला 'वर्ल्डायझिंग' असे नाव दिले. एमसीएने काढलेल्या ४१ गाण्यांच्या दुहेरी अल्बममध्ये मात्र तीच गाणी मूळ स्टुडिओतील स्वच्छ मुद्रणात आहेत. या अल्बमची विक्री प्रचंड झाली आणि पन्नासच्या दशकातील गाण्यांच्या पुनरुज्जीवनाला तिने मोठा हातभार लावला. पण चित्रपटाची जी खरी श्राव्य कामगिरी, रात्रीच्या हवेतून येणारे संगीत, ती तबकडीवर नाही.

१ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाल्यावर व्यवहाराची गती बदलली, कारण चित्रपटातील दृश्ये पेरलेला गाण्याचा व्हिडिओ म्हणजे दिवसातून अनेकदा दाखवली जाणारी जाहिरातच ठरू लागली. पॅरामाउंटच्या 'फूटलूज'चे (१९८४) पटकथाकार डीन पिचफर्ड यांनी निरनिराळ्या संगीतकारांच्या साहाय्याने गाणीही स्वतःच लिहिली. कोलंबियाने काढलेल्या त्या अल्बमने मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला पहिल्या क्रमांकावरून हटवले आणि स्वतः तिथे दहा आठवडे काढले. त्याआधी दोन वर्षे एमी हेकर्लिंग यांच्या 'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय'मध्ये (१९८२) वेगळाच पेच उभा राहिला होता. दिग्दर्शिकेला लॉस एंजेलिसच्या मुलांमध्ये तेव्हा लोकप्रिय होत असलेले न्यू वेव्ह आणि पंक हवे होते. निर्मात्यांपैकी एक असलेले अर्विंग ॲझॉफ हे ईगल्स गटाचे व्यवस्थापक, आणि अल्बममध्ये डॉन हेन्ली, जो वॉल्श, डॉन फेल्डर, टिमोथी श्मिट असे त्या नुकत्याच फुटलेल्या गटाचे सदस्य एकेक करून हजर झाले. जॅक्सन ब्राउन यांचे त्यातील गाणे सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तेव्हा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही. पण सोळा वर्षांच्या पात्रांच्या कानात पस्तिशीतल्या गायकांची आवड कोंबलेली आहे, हे आज तो चित्रपट पाहताना लपत नाही.

हा विसंवाद ज्याने मिटवला तो जॉन ह्यूज (१९५०-२००९). शिकागोच्या उत्तरेकडील नॉर्थब्रुक या उपनगरात त्यांचे किशोरवय गेले, आणि त्या गावाचे जुने नाव शर्मरव्हिल असल्याने त्यांनी आपल्या कथांमधील काल्पनिक गावाला शर्मर हे नाव दिले. या सुखवस्तू, गोऱ्या, मध्यपश्चिमी उपनगरातील मुलांच्या तोंडी ह्यूज यांनी जी भाषा दिली ती अमेरिकी होती, पण त्यांच्या कानी जे संगीत घातले ते बहुतांशी ब्रिटिश होते: मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो येथील कामगार वस्त्यांतून आलेल्या, सिंथेसायझर वाजवणाऱ्या, अमेरिकेच्या बड्या रेडिओ केंद्रांनी फारसे जवळ न केलेल्या गटांचे. स्वतः ह्यूज हे आयात तबकड्या विकत घेणारे संग्राहक होते. 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये (१९८४) तीसहून अधिक गाणी वाजतात, पण एमसीएने बाजारात आणली ती अवघ्या पाच गाण्यांची छोटी तबकडी. त्यावरून कंपन्यांना या आवडीचा भरवसा किती होता हे दिसते.

'द ब्रेकफास्ट क्लब'ने (१९८५) तो भरवसा निर्माण केला, आणि गंमत अशी की तो आयात गाण्याने नव्हे तर खास चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याने. निर्माते-वादक कीथ फोर्सी आणि स्टीव्ह शिफ यांनी रचलेले 'डोन्ट यू (फर्गेट अबाउट मी)' ब्रायन फेरी आणि बिली आयडल यांनी नाकारले. सिंपल माइंड्स या ग्लासगोच्या गटालाही दुसऱ्याने लिहिलेले गाणे गाणे कमीपणाचे वाटत होते आणि त्यांनी ते नाखुशीनेच केले. चित्रपट फेब्रुवारीत आला, गाणे मे १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ए अँड एमने काढलेला तो अल्बम मात्र या एका गाण्याच्या जोरावर उभा आहे. उरलेला बराचसा भाग भरणा म्हणावा असाच आहे.

पुढच्या वर्षीचा 'प्रिटी इन पिंक' हा या सगळ्या प्रकारातील सर्वोत्तम अल्बम होय. ह्यूज यांनी लिहिलेल्या आणि हॉवर्ड डॉइच यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे नावच सायकेडेलिक फर्स या लंडनच्या गटाच्या १९८१ मधील गाण्यावरून घेतलेले होते, आणि त्या गटाने चित्रपटासाठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ए अँड एमचे डेव्हिड ॲंडरले यांच्या देखरेखीखाली दहा गाणी निवडली गेली: न्यू ऑर्डर, द स्मिथ्स, एको अँड द बनीमेन, आयएनएक्सएस अशी अन्य कंपन्यांची मंडळी एकीकडे, सुझन व्हेगा, जेसी जॉन्सन आणि ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क, म्हणजे ओएमडी, असे अमेरिकेत ए अँड एमशी करारबद्ध असलेले कलावंत दुसरीकडे. घरच्या कलावंतांना पुढे करणे हा कंपनीचा स्वार्थ होताच, पण व्हेगा यांच्या वाट्याला आलेले गाणे जो जॅक्सन यांच्या पियानोसह इतके नेमके उतरले आहे की तो स्वार्थ खटकत नाही. अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला आणि कित्येक अमेरिकी घरांत न्यू ऑर्डर आणि स्मिथ्स ही नावे पहिल्यांदा त्याच्यामुळेच शिरली.

या अल्बममधील सर्वाधिक खपलेले गाणे, ओएमडीचे 'इफ यू लीव्ह', कसे तयार झाले हे पाहिले म्हणजे या व्यवहारात कला किती चिंचोळ्या वाटेने येते ते कळते. मूळ कथेत अँडी ही गरीब घरातील मुलगी शेवटी डकी या आपल्या जुन्या मित्राबरोबर नाचते, आणि त्या शेवटासाठी ओएमडीने दुसरे एक गाणे तयार ठेवले होते. चाचणी-खेळांच्या प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही. श्रीमंत ब्लेनशी अँडीचे मीलन घडवणारा नवा शेवट चित्रित झाला आणि जुने गाणे निरुपयोगी ठरले. दौऱ्यावर निघण्याच्या बेतात असलेल्या गटाने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत एका दिवसाच्या आत नवे गाणे रचले, आणि नृत्याचे दृश्य सिंपल माइंड्सच्या गाण्यावर आधीच चित्रित झालेले असल्याने त्याची गतीही त्या दृश्याला जुळवून घ्यावी लागली, असे त्या गटाने पुढे सांगितले आहे. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले. शेवट बदलला हे कथेच्या दृष्टीने चुकलेच, गाण्याच्या दृष्टीने मात्र बरे झाले.

आणि तरी याच चित्रपटातील सर्वांत जिवंत सांगीतिक प्रसंग अल्बममध्ये नाही. तबकड्यांच्या दुकानात डकी ओटिस रेडिंग यांच्या 'ट्राय अ लिटल टेंडरनेस'वर ओठ हलवत, भिंतींवर आणि जिन्यावर आदळत नाचतो, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. १९६६ मधील ते गाणे दहा गाण्यांत आले नाही. नव्या गाण्यांच्या सुसंगत मालिकेत जुने सोल बसले नसते, हा युक्तिवाद व्यापारी अर्थाने मान्य करता येईल, परंतु त्यामुळे दहापैकी नऊ गाणी गोऱ्या कलावंतांची राहिली हेही नोंदवायला हवे. शर्मरची मुले काळे संगीत ऐकत नव्हती असा याचा अर्थ नसून, कंपनीच्या लेखी किशोरपटाचा श्रोता कोण हे यावरून दिसते. त्याच शिकागोत अकरा वर्षांपूर्वी मायकेल शुल्ट्झ यांनी 'कूली हाय' (१९७५) केला होता. १९६४ मधील कृष्णवर्णीय शाळकरी मुलांची ती कथा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांनी भरलेली आहे, आणि तिच्यासाठी जी. सी. कॅमरन यांनी गायलेले निरोपाचे गाणे १९९१ मध्ये बॉइज टू मेन या गटाने पुन्हा लोकप्रिय केले, आपल्या पहिल्या अल्बमच्या नावातही त्या चित्रपटाचे नाव गुंफले. किशोरपटांच्या संगीताचा इतिहास सांगताना 'अमेरिकन ग्राफिटी'नंतर एकदम ह्यूज यांच्याकडे उडी मारणारे लेखक हा दुवा गाळतात, तो गाळू नये.

ह्यूज यांनी स्वतः एकदा अल्बमच काढला नाही. 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ'मध्ये (१९८६) बीटल्सपासून वेन न्यूटनपर्यंत आणि येलो या स्विस गटापर्यंत सगळे काही वाजते. कंपनीने आग्रह धरूनही ह्यूज यांनी नकार दिला, कारण इतकी विजोड गाणी एकत्र कोणाला ऐकावीशी वाटतील हे त्यांना पटत नव्हते; त्याऐवजी दोन गाण्यांची एक छोटी तबकडी चाहत्यांना टपालाने पाठवली गेली. हा नकार विरळा आहे. चित्रपटात एखादे गाणे शोभते म्हणून ते दुसऱ्या गाण्याशेजारीही शोभेल असे नाही, हे तारतम्य नव्वदच्या दशकातील निर्मात्यांकडे क्वचितच आढळले.

त्या दशकात सत्तरहून अधिक मिनिटांचे संगीत मावणारी सीडी रूढ झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांनी सुट्या गाण्यांची विक्री आवळून ग्राहकाला पूर्ण अल्बम घ्यायला लावले, तेव्हा 'चित्रपटातील आणि चित्रपटापासून प्रेरित संगीत' या लवचीक नावाखाली पडद्यावर कधीच न वाजलेली गाणीही आत शिरली. हेकर्लिंग यांना मात्र 'क्लूलेस'मध्ये (१९९५) तेरा वर्षांपूर्वी न मिळालेले स्वातंत्र्य मिळाले. कॅरिन रॅक्टमन यांच्या पर्यवेक्षणाखाली कॅपिटॉलने काढलेल्या अल्बममध्ये कूलिओ, सुपरग्रास आणि रेडिओहेड एकत्र नांदतात. बॅझ लर्मन यांच्या 'रोमिओ + ज्युलिएट'ने (१९९६) त्याच कॅपिटॉलला तीस लाखांवर प्रती विकून दिल्या, परंतु रेडिओहेडने त्याच्या अखेरच्या श्रेयनामावलीसाठी खास रचलेले 'एक्झिट म्युझिक' अल्बमला दिले नाही; ते १९९७ मध्ये 'ओके कॉम्प्युटर' या त्यांच्या स्वतःच्या अल्बममध्ये आले. येथे अडथळा कंपनीचा नव्हता, कलावंताने आपले उत्तम काम आपल्यापाशी राखले. १९९९ च्या 'क्रुएल इंटेन्शन्स'मध्ये शेवटी वाजणाऱ्या द व्हर्व्हच्या 'बिटर स्वीट सिंफनी'साठी दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम मोजावी लागल्याचे सांगितले जाते, जी सुमारे एक कोटी डॉलरच्या त्या चित्रपटाच्या दहाव्या हिश्शाएवढी होते. त्या गाण्यातील वाद्यवृंदाचा तुकडा रोलिंग स्टोन्सच्या रचनेवर आधारलेला असल्याने रचनेचे हक्क तेव्हा गीतकार रिचर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्याकडे नव्हतेच. ते त्यांना परत मिळाले २०१९ मध्ये.

जून १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवघेव करू देणारे नॅप्स्टर आले, एप्रिल २००३ मध्ये ॲपलने गाणे सुटे ९९ सेंटला विकायला सुरुवात केली, आणि बारा गाण्यांची मोट बांधून दोन गाणी विकण्याचा धंदा संपत आला. नंतरची मोठी यशे थोडी आहेत आणि ती एकमेकांसारखी नाहीत. डिस्नेच्या 'हाय स्कूल म्युझिकल'चा अल्बम २००६ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपला, सुमारे ३७ लाख प्रती. पण त्यातील गाणी कथेसाठी लिहिलेली आणि पात्रांनी गायलेली, म्हणजे जवळजवळ आपल्याच पद्धतीची होती. 'जूनो'ने २००८ च्या जानेवारीत किम्या डॉसन या घरगुती ढंगाने गाणाऱ्या गायिकेला पहिल्या क्रमांकावर नेले, आणि तिचे नाव सुचवले होते ते त्यात जूनोचीच भूमिका करणाऱ्या कलावंताने, एलियट पेज यांनी. असा योग पुन्हा जुळवून आणता येत नाही.

आता चित्रपटातील सगळी गाणी श्रोता स्वतःच एका यादीत मांडतो, ओटिस रेडिंग यांना न्यू ऑर्डरशेजारी बसवतो आणि कंपन्यांनी ठेवलेल्या रिकाम्या जागा भरून काढतो. दोन परवान्यांची व्यवस्था मात्र तशीच कायम आहे. ज्या वाचकाला तिचा माग काढायचा असेल त्याने किशोरपट संपल्यावर उठू नये. श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, प्रत्येक गाण्याखाली रचनाकाराचे नाव, गायकाचे नाव आणि ते मुद्रण कोणत्या कंपनीच्या सौजन्याने मिळाले हे छापलेले असते, आणि ती यादी अल्बमच्या मागच्या बाजूच्या यादीशी ताडून पाहण्यासारखी असते.